ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे वॅटही छापा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवीन शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर आपल्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठीच्या गेमिंग लॅपटॉपवर एक अख्खं पान आलं. आठ लॅपटॉपचा तक्ता होता. प्रोसेसर, रॅम, साठवण, ग्राफिक्स कार्ड, पडद्याचा आकार आणि किंमत असे रकाने होते. पान मी नीट वाचलं आणि धाकट्या भावाला पाठवलंही. पण त्या तक्त्यात एक रकाना नव्हता, ग्राफिक्स कार्डाला किती वॅट वीज मिळते याचा, आणि नेमकी तीच माहिती नसल्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी चुकीचा लॅपटॉप घेऊन बसले. म्हणून हे पत्र.

मी प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवसा थ्रीडी मॉडेल, रात्री रेंडर (म्हणजे संगणकाकडून त्या मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवून घेणं), आणि सबमिशन संपलं की गेम. गेम खेळते हे मी घरी कधी लपवलं नाही. 'गेमिंग' शब्द ऐकला की घरच्यांच्या कपाळाला आठी पडते, पण ज्या कार्डावर गेम पळतो त्याच कार्डावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं माझं रेंडरही होतं. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त जणांकडे गेमिंग लॅपटॉपच आहेत, आणि त्यातले काही जण एकही गेम खेळत नाहीत.

लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा विक्रेता सगळं बाबांशीच बोलत होता. समोर दोन मशिन होती. एक जाडजूड, अडीच किलोच्या आसपास. दुसरं पातळ, सुबक, उचललं की हलकं वाटणारं. दोन्हींच्या कोपऱ्यावर एकच स्टिकर होतं आणि दोन्हींच्या माहितीपत्रकात एकच ओळ: आरटीएक्स ४०६०, ८ जीबी. म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरी. "मुलीला रोज कॉलेजात न्यायचाय ना, मग हा घ्या. कार्ड तेच आहे, फक्त वजन कमी," असं तो म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. कार्ड तेच असेल तर जड मशिन कशाला वाहायचं, इतका साधा विचार होता.

हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे त्याच कार्डाचा जाड लॅपटॉप होता. पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यावर आम्ही दोघींनी एकच गेम, एकच सेटिंग, दोन्ही मशिन चार्जरला लावून शेजारी शेजारी चालवलं. माझ्याकडे सेकंदाला ५८ फ्रेम, म्हणजे चित्रं, तिच्याकडे ७९. मला वाटलं, आपल्याकडे काहीतरी बिघडलंय. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, विंडोज नव्याने टाकलं, मागची जाळी पुसली. आकडा दोन-तीनच्या वर हलला नाही.

खरं कारण कळलं ते एका चुकीमुळे. सकाळच्या घाईत मी तिचा चार्जर पिशवीत टाकला आणि पिशवी उचलताच हाताला फरक कळला. तिचा चार्जर विटेसारखा जड. कॉलेजात पोचल्यावर उलटा करून पाहिला तर खाली बारीक अक्षरात छापलं होतं: २३० वॅट. माझ्या चार्जरवर १५० होते. संध्याकाळी दोघींच्या मशिनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं आणि त्यातल्या 'सिस्टम इन्फॉर्मेशन'मध्ये गेलो. तिथे कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळते ते लिहिलेलं असतं. तिच्याकडे १४० वॅट. माझ्याकडे ६५.

कार्ड एकच होतं. चिपही तीच, ८ जीबी मेमरीही तीच, आकडेमोड करणारे ३०७२ कुडा कोअरही तेच. पण तिच्या चिपला दुपटीहून जास्त वीज मिळत होती. एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या ४०६० साठी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मुभा दिलेली आहे, शिवाय प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा त्याच्या वाट्याची थोडी वीज कार्डाकडे वळवता येते. यातला कुठला आकडा घ्यायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ अंगात मोठे पंखे आणि जाड तांब्याच्या नळ्या बसत नाहीत, उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तिथे कार्डाला कमी वीज देतात. वीज दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही, हेही खरं. आमच्या दोघींमधला फरक एक तृतीयांशाच्या आसपास होता. पण रात्रभर लावलेलं रेंडर सकाळी सहाला संपणं आणि आठला संपणं यात सबमिशनच्या दिवशी किती अंतर असतं, ते ज्याने लावलंय त्यालाच कळेल.

पातळ लॅपटॉप घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या एकीला पाठीचा त्रास आहे. तिला हलकंच मशिन हवं आणि वेग थोडा कमी मिळाला तरी तिला चालेल. पण तो निर्णय तिने माहीत असताना घ्यावा. मला तो घेताच आला नाही, कारण "कार्ड तेच आहे" हे वाक्य अक्षरशः खरं होतं.

पूर्वी निदान नावात तरी खूण असायची. २०१७ मध्ये एनव्हिडियाने पातळ लॅपटॉपमधल्या कमी विजेच्या कार्डांसाठी 'मॅक्स-क्यू' हे नाव आणलं. ते शब्द कार्डाच्या नावापुढे दिसले की हे सौम्य कार्ड आहे एवढं तरी समजायचं. २०२१ मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ३० मालिका आली आणि कार्डाच्या नावातून ती खूण गेली. तेव्हापासून वॅटचा आकडा शोधावा लागतो. काही कंपन्या संकेतस्थळावर तो स्पष्ट देतात, काही तळटिपेत देतात. दुकानातल्या पाटीवर मात्र मला तो आजवर दिसलेला नाही. शोधूनही सापडला नाही तर चार्जरवरचा आकडा पाहावा. तो कार्डाचे नेमके वॅट सांगत नाही, पण १५० वॅटच्या चार्जरवर १४० वॅटचं कार्ड पूर्ण ताकदीने चालणार नाही एवढा अंदाज त्यावरून येतो.

नावांचा घोळ तेवढ्यावर थांबत नाही. लॅपटॉपमधल्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी असते, डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी. दोन्हींचं नाव ४०७०. एएमडी कंपनीच्या लॅपटॉपमधल्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत पुढचा मोठा आकडा बघून भागत नाही, तिसरा आकडा बघावा लागतो: तो ४ असेल तर आतली रचना झेन ४, ३ असेल तर झेन ३ किंवा तिची सुधारलेली आवृत्ती, आणि २ असेल तर २०१९ ची झेन २. अठराव्या वर्षी, आईवडिलांनी साठवलेल्या पैशांतून आयुष्यातलं पहिलं मोठं यंत्र घेणाऱ्या मुलामुलींना हे कोण सांगणार?

वॅटचा इतका आग्रह धरायचं कारण म्हणजे ही गोष्ट नंतर बदलता येत नाही. ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपच्या मदरबोर्डला डकवलेलं असतं. फ्रेमवर्क कंपनीने २०२४ मध्ये बाजारात आणलेल्या मोठ्या लॅपटॉपमध्ये ते मागच्या बाजूने काढून बदलता येतं, पण तो अपवाद. बाकी सगळ्यांना घेताना जे कार्ड मिळालं त्यावरच पदवीची चार वर्षं काढायची असतात. पडद्याचंही जवळपास तसंच. रॅम आणि साठवण मात्र बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. म्हणून पैसे मोजूनच आणले असतील तर ते आधी कार्डावर आणि पडद्यावर लावावेत, रॅम सहा महिन्यांनी घेता येते. दुकानात याच्या बरोबर उलट होतं. "बत्तीस जीबी रॅम, एक टीबी" असं मोठ्याने सांगून मशिन विकलं जातं, कारण ते आकडे सगळ्यांच्या ओळखीचे असतात.

पडद्याबद्दल माझा आणखी एक धडा आहे. माझ्या लॅपटॉपवर '१४४ हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असं मोठं लिहिलं होतं आणि तो पडदा तेवढा चपळ आहेच. पण तो एनटीएससी या रंग मोजायच्या प्रमाण पट्ट्याच्या ४५ टक्केच रंग दाखवतो. आपण रोजच्या कामात ज्याला पूर्ण एसआरजीबी (संगणकावरच्या रंगांचा नेहमीचा पट्टा) म्हणतो तो साधारण एनटीएससीच्या ७२ टक्क्यांएवढा भरतो. दुसऱ्या वर्षी मी एका पाण्याच्या बाटलीचं मॉडेल केलं होतं. माझ्या पडद्यावर फिकट वाटतो म्हणून नारिंगी रंग वाढवत वाढवत नेला, आणि छपाई हातात आली तेव्हा ती बाटली भडक शेंदरी होती. सरांनी विचारलं, "हाच रंग हवा होता का?" मी काय सांगणार? आता रंगाचं काम मी लॅबमधल्या मॉनिटरवर तपासते. फक्त गेम खेळणाऱ्याला ४५ टक्के चालून जातील. डिझाइन, फोटो किंवा व्हिडिओ शिकणाऱ्याने मात्र हा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता रॅमविषयी. तीही वाढवता येईल असं गृहीत धरू नये. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते. दुकानात मांडलेल्या मशिनवर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहिली तर किती स्लॉट आहेत आणि त्यातले किती वापरलेत ते बहुधा दिसतं. माझ्याकडे दोनपैकी एक स्लॉट भरलेला होता: डीडीआर५ (डीडीआर४ नंतरची रॅमची पिढी) ची १६ जीबीची एकच पट्टी. एकच पट्टी असली की प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला रस्ता अर्धाच वापरला जातो. ४८०० वेगाच्या एका पट्टीची क्षमता सेकंदाला ३८.४ जीबी, दोन पट्ट्या लावल्या की दुप्पट. म्हणजे एका १६ जीबीच्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन गेमसाठी बऱ्याचदा बऱ्या, पण पुढे ३२ जीबी करायचे असतील तर १६ ची एकच पट्टी सोयीची, कारण मग जुनी काढून टाकावी लागत नाही. घेताना डीडीआर४ की डीडीआर५ हे पक्कं बघायचं. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

पहिल्यांदा लॅपटॉप उघडला ती दुपार मला अजून लख्ख आठवते. कंपनीकडे आधी मेलवर विचारून घेतलं होतं की झाकण उघडलं तर वॉरंटीचं काय, आणि त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवलं होतं. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू काढला की चित्रात त्याच जागी चिकटपट्टीने लावला. अकरा स्क्रू होते, त्यातले पुढचे तीन आखूड. लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला भोक पाडू शकतो, म्हणून हा खटाटोप. झाकणाच्या कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवली, कट् कट् करत एकेक खाच सुटली. आधी बॅटरीची पिन काढली. नवी पट्टी तिरकी धरून सोनेरी दात आत दिसेनासे होईपर्यंत सरकवली आणि वरून दाबली. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या कळा एकदम बसल्या.

झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला, कीबोर्डचे दिवे लागले, पडदा काळाच. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं, काहीच नाही. माझ्या तळहातांना घाम फुटला. बटण दाबून धरून बंदच करणार होते, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "थांब गं, मॅन्युअलमध्ये काहीतरी लिहिलंय." डीडीआर५ ची नवी पट्टी लावल्यावर मशिन पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवणी करतं, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळात पडदा काळा राहतो. आम्ही दोघी हात बांधून बसून राहिलो. तिसऱ्या मिनिटाला कंपनीचा लोगो उमटला. हे वाक्य नव्या रॅमच्या प्रत्येक खोक्यावर ठळक छापायला हवं, कारण नेमक्या त्याच क्षणी घाबरून लोक वीज तोडतात.

फरक काय पडला? गेममधल्या सरासरी फ्रेम थोड्याच वाढल्या, पण मध्येच जो झटका बसायचा तो गेला. ब्लेंडर आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवता यायला लागले. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

साठवण वाढवताना मात्र मी चुकले. आत एसएसडीसाठी दुसरी जागा आहे एवढं पाहिलं आणि १ टीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी मागवली, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. झाकण उघडल्यावर कळलं की ती जागा ४२ मिलिमीटरचीच आहे. परत करून २२४२ मागवावी लागली आणि पुन्हा अकरा स्क्रू. मागवण्याआधी झाकण उघडून पट्टीने माप घ्यायला दहा मिनिटं पुरली असती. आणि जुनी एसएसडी काढून दुसरीकडे लावायची असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आमच्या एका ज्युनियरला हे माहीत नव्हतं. ती की हाती लागेपर्यंत त्याने दोन रात्री जागून काढल्या.

गरमीबद्दल थोडंच सांगते. दीड वर्षाने माझा प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन मंदावायला लागला होता. उघडलं तर पंख्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या पात्यांवर, धुळीचा राखाडी थर जमला होता, बोटाने सोलून काढता येईल असा. पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारली, म्हणजे पंखा उलटासुलटा गरगरत नाही. तापमान ८४ वर आलं. एकही नवा भाग न घेता झालेली ही माझी सगळ्यात चांगली सुधारणा.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे वॅटचा रकाना घाला. जागा उरली तर रॅमचे स्लॉट आणि पडद्याच्या रंगांची टक्केवारीही द्या. एखाद्या कंपनीने आकडा दिला नाही तर तिथे 'कंपनीने दिलेला नाही' असं लिहा, तीही वाचकांच्या उपयोगाची माहिती आहे. जाहिरातदारांकडूनही हा आकडा मागून घ्या. तुम्ही मागितलात तर ते देतील. दुकानात उभ्या असलेल्या मुलीने मागितला तर तिला "कार्ड तेच आहे" हेच उत्तर मिळतं.

माझा भाऊ यंदा लॅपटॉप घेणार आहे. आपलं ते पान त्याने छापून टेबलासमोरच्या भिंतीवर लावलंय. तक्त्याच्या उजवीकडे त्याने पेनने स्वतःच वॅटचा रकाना आखला आणि चार दिवस कंपन्यांची संकेतस्थळं चाळली. आठपैकी पाच आकडे त्याला सापडलेत, तीन चौकोन अजून कोरे आहेत.

आपली विश्वासू,
प्रॉडक्ट डिझाइनची एक विद्यार्थिनी